सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बिल्ड करताना : टेसरॅक्टच्या निमित्ताने

कोल्हापुरात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. त्यानंतर शहरात आणि जिल्ह्यातल्या गावोगावी लहानमोठी ग्रंथालये उभी राहिली. जुनी मासिके, संस्थांच्या स्मरणिका आणि दिवाळी अंक अशा ग्रंथालयांच्या कपाटांतून जपलेले असतात. ही पाने स्कॅन करणे आता अवघड राहिलेले नाही, पण स्कॅन केलेले पान हे शेवटी चित्रच असते आणि त्यात एखादे नाव किंवा गाव शोधता येत नाही. चित्रातला मजकूर ओळखून तो युनिकोड मराठीत उतरवून देणारे टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर या कामी फार उपयोगी पडते. सोर्स कोडवरून, म्हणजे प्रोग्रामकाराने लिहिलेल्या मूळ मजकुरावरून, सॉफ्टवेअर कसे बिल्ड करावे, म्हणजे चालवता येईल अशा रूपात कसे तयार करावे, हे या लेखात त्याच्याच उदाहरणाने सांगितले आहे. पद्धत एकदा समजली की ती इतर बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरला थोड्याफार फरकाने लागू पडते.

लेखात कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील. उदाहरणासाठी उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली धरली आहे.

बिल्ड करण्याची खरोखर गरज आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, आणि उत्तर 'नाही' आले तर आनंदाने तयार पॅकेज वापरावे. वितरणाने, म्हणजे उबुंटूसारख्या तयार लिनक्स संचाने, दिलेल्या पॅकेजची चाचणी झालेली असते, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळतात आणि ते काढून टाकणे एका कमांडचे काम असते. स्वतः बिल्ड केलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत या तिन्ही जबाबदाऱ्या आपल्यावर येतात. केवळ 'नवीन ते चांगले' या समजुतीपायी त्या अंगावर घेऊ नयेत.

टेसरॅक्टच्या बाबतीत मात्र गरज स्पष्ट दाखवता येते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलेले हे सॉफ्टवेअर २००५ साली मुक्त झाले आणि २००६ पासून गूगलच्या पाठबळावर त्याचा विकास पुढे गेला. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कवर आधारलेली ओळखपद्धत आली, आणि पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. असे असूनही उबुंटू २२.०४ च्या भांडारात टेसरॅक्ट ४.१.१ हीच आवृत्ती आहे, कारण स्थिर वितरणांत एकदा ठरलेली आवृत्ती सहसा बदलत नाहीत. वाचनालयातला संगणक याच प्रणालीवर चालत असेल, संपूर्ण प्रणाली बदलण्याची सोय नसेल आणि पाचवी आवृत्ती हवी असेल, तर सोर्सवरून बिल्ड करणे हा सरळ मार्ग ठरतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. जुन्या छपाईच्या अक्षरवळणासाठी टेसरॅक्टला नव्याने प्रशिक्षण द्यायचे असेल, तर त्याची प्रशिक्षणाची साधने आपल्या गरजेप्रमाणे बिल्ड करून घेता येतात. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखानदाराला बाजारातला तयार सुटा भाग चालत असेल तर तो तोच घेतो, पण माप बदलायचे असेल तर त्याला ड्रॉइंग हातात लागते. सोर्स कोड म्हणजे ते ड्रॉइंग होय.

सोर्स कोठून आणि कसा घ्यावा

सोर्स कोड नेहमी प्रकल्पाच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. टेसरॅक्टचा सोर्स गिटहबवर आहे. तेथे मुख्य शाखेत रोजचे चालू काम असते, त्यामुळे ती शाखा जशीच्या तशी उतरवून घेण्याऐवजी क्रमांक दिलेली प्रकाशित आवृत्ती, म्हणजे टॅग, निवडावा. गिट हे सोर्सच्या बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरत असाल तर आधी क्लोन (संपूर्ण भांडाराची प्रत घेणे) आणि मग त्या टॅगचे चेकआउट (ती आवृत्ती समोर आणणे), असा क्रम ठेवावा. मुख्य शाखेवरून बिल्ड केलेली प्रत सहा महिन्यांनी 'ही नेमकी कोणती आवृत्ती?' असा प्रश्न उभा करते आणि त्याचे उत्तर देणारे कोणी नसते.

अनेक प्रकल्प आपल्या आर्काइव्ह फाइलीसोबत (सगळा सोर्स एकत्र बांधलेल्या फाइलीसोबत) चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, आणि डिजिटल सही देतात. चेकसम जुळला म्हणजे फाइल उतरवताना बिघडली नाही एवढेच सिद्ध होते, कारण ज्याने संकेतस्थळावरची फाइल बदलली तो शेजारचा चेकसमही बदलू शकतो. जीपीजी सही तपासल्याने फाइल ज्याच्या नावाने आली आहे त्यानेच ती दिली, एवढी खात्री मिळते.

ही तपासणीही पुरेशी न ठरल्याचे एक उदाहरण आहे आणि ते बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार, म्हणजे परक्याला संगणकात गुपचूप शिरू देणारा कोड, लपवलेले आढळले. ते आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाच्या लक्षात आले, कारण दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागत होता. त्यातला घातक भाग कार्यान्वित करणारी बिल्डची फाइल सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. ती प्रकाशित आर्काइव्हमध्येच घातलेली होती आणि बिल्डच्या प्रक्रियेतच आपले काम करत होती. यातून दोन सवयी लावून घ्याव्यात असे मला मनापासून वाटते. शक्य असेल तेथे गिटमधल्या टॅगवरून बिल्ड करावे. दुसरे म्हणजे, कॉन्फिगर (संगणक तपासून बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) आणि मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारे साधन) या कमांड सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कधीही चालवू नयेत, कारण त्या चालवणे म्हणजे परक्याने लिहिलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर चालवणे होय.

बांधणीचे साहित्य

आता उतरवलेल्या फोल्डरमधली रीडमी आणि इन्स्टॉल या नावांच्या फाइली वाचाव्यात. हे वाचन टाळण्याकडे कल असतो, पण दहा मिनिटांचे वाचन पुढचा अर्धा दिवस वाचवते. कोणता कंपायलर (सोर्सचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लागतो, कोणत्या लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडचे संच) लागतात आणि कोणती बिल्ड पद्धत वापरली आहे, या तीन गोष्टी त्यात शोधाव्यात. टेसरॅक्ट पाच हे सी-प्लस-प्लसच्या २०१७ च्या मानकावर लिहिलेले आहे, म्हणून फार जुन्या वितरणातला कंपायलर त्याला चालत नाही, उबुंटू २२.०४ मधला जीसीसी ११ मात्र पुरेसा आहे.

कंपायलर आणि मेक ही मूळ साधने 'बिल्ड-इसेन्शियल' या एका पॅकेजमधून मिळतात. त्याखेरीज टेसरॅक्टसाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आणि पीकेजी-कॉन्फिग घ्यावे लागते. चित्रे वाचण्याचे काम टेसरॅक्ट स्वतः करत नाही, ते लेप्टोनिका या लायब्ररीवर सोपवते, आणि म्हणून तीही हवी. येथे नवशिक्यांची हमखास अडचण होते. लेप्टोनिका संगणकावर असते, तरीही कॉन्फिगर 'लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल' असे सांगून थांबतो. कारण असे की उबुंटू आणि डेबियनमध्ये लायब्ररीची सहसा दोन पॅकेजे असतात. एकात प्रोग्राम चालवण्यापुरती लायब्ररी असते. दुसऱ्यात, ज्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असते, बिल्डसाठी लागणाऱ्या हेडर फाइली, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या फाइली, असतात. बिल्डला हे दुसरे पॅकेज लागते. एखादी हेडर फाइल सापडत नाही अशी एरर आली की निम्म्याहून अधिक वेळा उत्तर हेच असते, आणि ती फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे 'ऍप्ट-फाइल' या साधनाने शोधता येते.

प्रशिक्षणाची साधनेही हवी असतील तर आयसीयू, पँगो आणि कैरो या लायब्ररींची डेव्ह पॅकेजे आताच घ्यावीत. ती नसली तरी कॉन्फिगर थांबत नाही. प्रशिक्षणाची साधने बिल्ड करता येणार नाहीत, असे शेवटी सांगून तो पुढे जातो आणि घाईत ती ओळ नजरेतून सुटते.

कॉन्फिगर आणि जागेची निवड

गिटवरून घेतलेल्या टेसरॅक्टमध्ये कॉन्फिगर ही फाइल तयार नसते. फोल्डरमधली 'ऑटोजेन' नावाची स्क्रिप्ट चालवली की ती तयार होते. त्यानंतर कॉन्फिगर चालवायचा, आणि त्याच वेळी या संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय घ्यायचा, तो म्हणजे सॉफ्टवेअर कोठे बसवायचे.

काहीच सांगितले नाही तर ते 'यूएसआर' खालच्या 'लोकल' फोल्डरमध्ये, म्हणजे सगळ्या प्रणालीसाठी, बसते. तेथे इतर सॉफ्टवेअरच्या फाइलीही असतात, आणि वर्षभराने कोणती फाइल कशाची हे सांगणे कठीण होते. माझा आग्रह असा की प्रत्येक सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला तिचे स्वतंत्र फोल्डर द्यावे. कॉन्फिगरला 'प्रीफिक्स' हा पर्याय देऊन आपल्या होम फोल्डरमधल्या, उदाहरणार्थ 'साधने' अशा अर्थाच्या फोल्डरखाली, आवृत्तीच्या क्रमांकासह एक जागा सांगावी. फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहावे, कारण नावात मोकळी जागा असली की काही बिल्ड स्क्रिप्ट कोलमडतात. असे केल्याने बसवतानाही सुडो लागत नाही, प्रणालीच्या पॅकेजला धक्का लागत नाही आणि नको झाले की ते एक फोल्डर पुसले की काम संपते. मात्र प्रीफिक्सचा मार्ग बिल्ड होतानाच प्रोग्रामच्या पोटात लिहिला जातो. म्हणून नंतर ते फोल्डर दुसरीकडे हलवू नये. हलवायचेच झाले तर नव्या प्रीफिक्सने पुन्हा बिल्ड करावे.

कॉन्फिगर चालत असताना स्क्रीनवरून 'येस' आणि 'नो' अशा उत्तरांच्या ओळी सरकत जातात. त्या शांतपणे वाचाव्यात. काही 'नो' निरुपद्रवी असतात, पण ज्याच्यासाठी आपण हा खटाटोप करत आहोत त्याच गोष्टीपुढे 'नो' असेल तर मेकपर्यंत जाण्यात अर्थ नाही. कॉन्फिगर मध्येच थांबला तर त्याच फोल्डरमधली 'कॉन्फिग डॉट लॉग' ही फाइल उघडावी. ती लांबलचक असते, पण नापास झालेली चाचणी कोणती आणि कंपायलरने त्या वेळी नेमके काय म्हटले हे तिच्यातच असते. याच फाइलीच्या सुरुवातीला आपण कॉन्फिगरला कोणते पर्याय दिले होते तेही नोंदलेले असते.

मेक : येथे घाई नको

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिले आणि त्यामागची कल्पना आजही तीच आहे. एखादी फाइल जिच्यापासून बनते ती सोर्स फाइल नंतर बदलली असेल तरच ती पुन्हा बनवायची, आणि हे ठरवायचे दोन्ही फाइलींच्या वेळा पाहून. त्यामुळे अर्धवट राहिलेले काम पुन्हा मेक म्हटल्यावर जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होते.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाण्याचा प्रसंग येतो, म्हणून या वेळा पाहण्याच्या पद्धतीचे दोन परिणाम माहीत असावेत. मेक चालू असताना वीज गेली तर ज्या क्षणी ती गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलीचे कंपायलरने केलेले रूपांतर) अपुरी राहू शकते. तिची वेळ मात्र सोर्सच्या नंतरची असते, त्यामुळे मेक तिला पूर्ण झालेली समजतो आणि पुढे जोडणीच्या टप्प्यावर न कळणारी एरर येते. अशा वेळी 'मेक क्लीन' करून पुन्हा सुरुवात करणे श्रेयस्कर. दुसरा परिणाम जुन्या संगणकांवर दिसतो. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली असेल तर वीज आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सोर्स फाइलींची वेळ 'भविष्यातली' ठरते, आणि मेक घड्याळात तफावत असून बिल्ड अपुरे राहिले असू शकेल अशी सूचना देतो. या सूचनेकडे दुर्लक्ष करू नये; आधी घड्याळ दुरुस्त करावे, मग क्लीन करून बिल्ड करावे.

मेकला 'जे' हा पर्याय आणि एक आकडा दिला की तो तितकी कामे एकाच वेळी करतो. प्रोसेसरमध्ये चार गाभे असतील तर चार हा आकडा स्वाभाविक वाटतो, परंतु सी-प्लस-प्लसचा कंपायलर मेमरी भरपूर खातो. चार जीबी मेमरीच्या संगणकावर चार कंपायलर एकदम चालले आणि त्यात ब्राउझरही उघडा असला, तर मेमरी संपून लिनक्स स्वतःच एखाद्या कंपायलरला ठार करतो. स्क्रीनवर 'किल्ड' हा शब्द आणि 'सीसीवन-प्लस' हे नाव दिसले तर सोर्समध्ये चूक शोधत बसू नये. आकडा दोनवर किंवा एकवर आणावा आणि ब्राउझर बंद करावा.

एरर वाचण्याविषयी एकच नियम सांगायचा तर तो असा की शेवटची ओळ वाचू नये, पहिली एरर शोधावी. मेकची शेवटची ओळ केवळ 'काम अयशस्वी झाले' एवढेच सांगते. खरे कारण त्याच्या कितीतरी वर असते, आणि एकदम अनेक कामे चालू असतील तर एकाची एरर दुसऱ्याच्या मजकुराखाली दबून जाते. म्हणून 'जे' न देता मेक पुन्हा चालवावा: झालेले काम तो वगळतो, सरळ अडलेल्या फाइलीपाशी येतो आणि तिचीच एरर समोर ठेवतो. ती एरर जशीच्या तशी, आवृत्तीच्या क्रमांकासह शोधल्यास उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

सगळेच प्रकल्प कॉन्फिगर आणि मेक वापरत नाहीत. सीमेक ही दुसरी बिल्ड पद्धत असेल तर सोर्सच्या आत वेगळे 'बिल्ड' फोल्डर करून त्यातच काम करावे, आणि पर्याय बदलले की ते फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी, कारण सीमेक आधीची उत्तरे आपल्या कॅश फाइलीत धरून ठेवतो. मेसन आणि निंजा या आणखी एका पद्धतीच्या जोडीतही फोल्डर वेगळेच असते.

बसवणे आणि तपासणे

प्रीफिक्स होम फोल्डरमधला असल्याने 'मेक इन्स्टॉल' साध्या वापरकर्त्यानेच चालवावा. सर्व प्रणालीसाठी 'लोकल'मध्ये बसवत असाल तर फक्त या टप्प्याला सुडो लागेल, आणि नंतर प्रणालीला नव्या लायब्ररींची माहिती देणारे 'एलडीकॉन्फिग'ही चालवावे लागेल. ते राहून गेले तर प्रोग्राम सुरू होताच शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही अशी तक्रार करतो.

प्रशिक्षणाची साधने वेगळ्या कमांडने बिल्ड होतात: 'मेक ट्रेनिंग' आणि मग 'मेक ट्रेनिंग-इन्स्टॉल'.

आता नवा टेसरॅक्ट पूर्ण मार्ग देऊन चालवावा आणि त्याला आवृत्ती विचारावी. नुसते 'टेसरॅक्ट' म्हटले तर शेल (टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) जुन्याच पॅकेजकडे जाण्याचा संभव असतो. उत्तराची फक्त पहिली ओळ पाहून समाधान मानू नये. तिच्याखाली लेप्टोनिकाची आवृत्ती आणि तिला कोणते चित्रप्रकार वाचता येतात त्याची यादी असते. लेप्टोनिकाही तुम्ही स्वतः बिल्ड केली असेल आणि त्या यादीत टिफ या स्कॅनरच्या चित्रप्रकाराचे नाव नसेल, तर टिफ लायब्ररीचे डेव्ह पॅकेज तेव्हा संगणकावर नव्हते असे समजावे. बिल्ड बिनतक्रार झालेले असते, पण स्कॅनरमधून आलेली टिफ पाने मात्र उघडत नाहीत.

मराठी ओळखण्यासाठी लागणारी भाषेची फाइल सोर्ससोबत येत नाही. ती वेगळी घेऊन प्रीफिक्सखालच्या 'शेअर' मधल्या 'टेसडेटा' फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मराठीचा संकेत एमएआर असा आहे. या फाइली 'फास्ट' आणि 'बेस्ट' अशा प्रकारांत मिळतात. रोजच्या कामाला फास्ट पुरते. पुढे प्रशिक्षण द्यायचे असेल तर मात्र बेस्टच घ्यावी लागते, कारण फास्टवर पुढचे प्रशिक्षण करता येत नाही. फाइल जागेवर असूनही सापडत नसेल, तर 'टेसडेटा प्रीफिक्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामना माहिती पुरवणाऱ्या प्रणालीच्या नोंदीत) जुना मार्ग राहिला आहे का, ते पाहावे.

चाचणीसाठी बिल्डच्या आत सहसा 'मेक चेक' असते आणि जेथे ते सहज चालते तेथे चालवावेच. टेसरॅक्टच्या चाचण्यांना सबमॉड्यूल (भांडाराला जोडलेले दुसरे गिट भांडार) म्हणून वेगळे साहित्य उतरवावे लागते, त्यामुळे वाचनालयाच्या कामापुरती आपल्याच पानांची कसोटी अधिक उपयोगाची ठरते. किमान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेली दोन पाने घ्यावीत. एक आजच्या छपाईचे असावे आणि त्यात 'दुसऱ्या', 'कळले', 'ज्ञान' असे शब्द असावेत. दुसरे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असावे, ज्यात 'कांहीं', 'नाहीं', 'घरें' अशी अनुस्वारांची रेलचेल असते. दोन्ही पाने जुन्या ४.१.१ ने आणि नव्या बिल्डने ओळखून घ्यावीत आणि 'डिफ' या साधनाने निकाल शेजारी ठेवून पाहावेत. अनुस्वार टिकले की गळले, 'ऱ्य'चा 'र्य' झाला का, हे मूळ पान हातात धरून डोळ्यांनी तपासावे लागते. नव्या बिल्डने या पानांवर फरक पडला नाही, तर जुने पॅकेज ठेवून नवे फोल्डर पुसून टाकणे हाच शहाणपणाचा निर्णय होय, आणि तो घेण्यात केलेले काम वाया गेले असे मानू नये.

नोंद आणि देखभाल

प्रीफिक्सच्या फोल्डरमध्येच एक साधी मजकूर फाइल ठेवावी आणि तिच्यात सोर्सचा पत्ता, टॅग, कॉन्फिगरला दिलेले पर्याय, त्यासाठी घेतलेली डेव्ह पॅकेजे आणि तारीख लिहावी. बिल्ड करणारा विद्यार्थी पदवी घेऊन पुण्याला निघून जातो आणि वाचनालयाचा संगणक मागे राहतो. तेव्हा ग्रंथपालांना आणि पुढच्या स्वयंसेवकाला या नोंदीचाच आधार असतो. टेसरॅक्टचा परवाना अपाचे २.० आहे. बिल्ड केलेली प्रत दुसऱ्या वाचनालयाला दिली, तर परवान्याची फाइल तिच्यासोबत द्यावी.

प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्यांवर नजर ठेवण्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. नवी आवृत्ती आली की ती जुन्यावर बसवू नये. नव्या क्रमांकाचे फोल्डर करून शेजारी बिल्ड करावी, त्याच दोन पानांवर तपासावी, निकाल चांगला आला तर शॉर्टकट तिच्याकडे वळवावा आणि महिनाभर अडचण आली नाही म्हणजे जुने फोल्डर पुसावे.